पडद्याच्या मधोमध

आई आमच्याकडे राहायला आली त्याला वर्ष होत आलं, पण फ्रिज उघडायच्या आधी ती अजून विचारते. "उघडू का गं?" मी दुकानात असले तर जावयाला विचारते. जावई कामावर असला तर उघडतच नाही. एकदा दुपारी मी अवचित घरी आले, तर ही बिनदुधाचा चहा पीत बसलेली. दूध फ्रिजमध्ये, आणि फ्रिज हिच्या खुर्चीपासून हात लांब केला तर लागेल एवढ्यावर. मी म्हटलं, "दूध का नाही घातलंस?" तर म्हणाली, "तुम्हाला संध्याकाळी किती लागेल ते मला कुठे माहीत? आणि काळाही बरा लागतो."

काळाही बरा लागतो. शिळंही चालतं. पंखा नसला तरी झोप येते. असल्या वाक्यांनी आईने मला अर्धी म्हातारी करून ठेवली आहे, उरलेली अर्धीही होईन.

मी तापट आहे हे आधीच सांगून टाकते, नाहीतर नवरा सांगेल. माझं चित्रं-फोटो फ्रेम करून द्यायचं दुकान आहे, आणि तिथल्या काचा माझा आवाज ऐकून तडकतात असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवतो. तो स्वतः दातांच्या कवळ्या बनवतो. दिवसभर दुसऱ्यांचे जबडे हातात धरून बसतो, त्यामुळे घरी आल्यावर त्याला कुणाचंच तोंड उघडलेलं नको असतं. पण माझ्या जागी एखादी गरीब गाय असती तरी तिने शिंग उगारलं असतं. आई अंघोळीला सगळ्यांच्या शेवटी जाणार. ओला टॉवेल दांडीवर न टाकता स्वतःच्या खुर्चीच्या पाठीवर वाळत घालणार. सकाळी उठली की त्या पलंगावर रात्री कुणी झोपलं होतं याचा पुरावा सापडणार नाही. नवरा खोलीत आला की ही उठून उभी. "बसा ना जावईबापू." तो बिचारा उभा, ही उभी, आणि खुर्ची रिकामी. वर्षभर हेच चाललंय.

पाहुण्याचं एक बरं असतं, तो जातो. घरच्या माणसाचं एक बरं असतं, त्याच्याशी भांडता येतं. आई धड हीही नव्हती आणि धड तीही नव्हती. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी गत झाली होती.

हे कुठून आलं ते मला माहीत आहे. बाबा वीज खात्यात होते. दर दोन-तीन वर्षांनी बदली, आणि जिथे बदली तिथे खात्याचं क्वार्टर. खुर्ची उलटी केली की तिच्या बुडाला पांढऱ्या रंगात नंबर. टेबलाला नंबर, पलंगाला नंबर. क्वार्टर सोडताना खात्याचा माणूस यायचा, सगळं मोजून घ्यायचा आणि शेवटी भिंतींवरून हात फिरवायचा. त्या हाताची तयारी आई नव्या घरात पाऊल टाकल्या दिवसापासून करत असायची. आमच्या घरात एकच कायदा होता, भिंतीला खिळा मारायचा नाही. कॅलेंडर कपाटाला टेकवून ठेवायचं, आरसा खिडकीत उभा करायचा. मला शाळेत चित्राचं पहिलं बक्षीस मिळालं तेव्हा आईने ते चित्र कौतुकाने पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि खणात ठेवलं. "चांगलं राहील," म्हणाली. राहिलं असेल चांगलं, कुणी पाहिलंच नाही. मी मोठी होऊन फ्रेमवाली झाले यात कुणाला नवल वाटायचं कारण नाही. आज माझ्या घरात इतक्या फ्रेमा आहेत की पॅसेजमधून जाताना नवरा अंग चोरून जातो. आई त्या रोज एकेक करून पुसते, आणि पुसून झाल्यावर विचारते, "पुसल्या तर चालतं ना?"

बाबा निवृत्त झाल्यावर दोघं भाड्याच्या जागेत गेले. तिथे खात्याचा माणूस येणार नव्हता, पण आईचा कायदा तोच. मग बाबा गेले, पुढे घरमालकाला जागा हवी झाली, आणि दादाने आणि मी ते घर एका दुपारीत रिकामं केलं. एवढ्या वर्षांच्या संसारातून दोन पिशव्या कपडे आणि एक कुकर निघाला. बाकीचं आईने आधीच शेजाऱ्यापाजाऱ्यांना देऊन टाकलं होतं, तेही घासूनपुसून.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. तो दुसऱ्या गावी राहतो आणि तिथून फोनवर आमचं घर चालवतो. उंटावरून शेळ्या हाकाव्यात तर त्यानेच. या वर्षात त्याने आईसाठी खालच्या मजल्यावर एक खोली तयार करायला घेतली होती. स्वतंत्र दार, स्वतंत्र बाथरूम, किल्ली तिच्या हातात. "तुझ्याकडे तिला अवघडल्यासारखं होतं," तो मला म्हणाला. मला राग एवढ्याचसाठी आला की ते खोटं नव्हतं. आईने त्याला हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. म्हणाली, "प्रदर्शन झालं की सांगते."

आता हे प्रदर्शन म्हणजे माझाच उद्योग. आपल्याच हाताने आपल्याच पायावर धोंडा मारून घेतला. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर कोलाजचा वर्ग सुरू झाला होता. शिकवणाऱ्या बाई माझ्या गिऱ्हाईक, त्यांची कामं फ्रेमला माझ्याकडेच येतात. कागदाचे, कापडाचे, कशाकशाचे तुकडे कापून, फाडून, चिकटवून चित्र करायचं. मला वाटलं, आईचे हात रिकामे असतात म्हणून ती माझ्या फ्रेमा पुसत बसते, तिथे जरा गुंततील. बाईंनी प्रत्येकाला एक मोठा पांढरा बोर्ड दिला आणि सगळ्यांना एकच विषय दिला, 'माझं घर'. शेवटी या बोर्डांचंच प्रदर्शन भरणार होतं. अट एकच. मासिकातली चित्रं चालायची नाहीत. घर दाखवायचं तर त्या घरातल्याच वस्तू कापून आणायच्या.

मंडळी कामाला लागली. एक निवृत्त बस ड्रायव्हर होते, त्यांनी जुन्या गणवेशाचा खिसा कापून आणला. एका बाईंनी पायपुसण्याची पट्टी आणली, त्यावरून त्यांची सून वर्गात येऊन भांडून गेली. आईचा बोर्ड कोरा. पुढच्या खेपेला कोरा. त्याच्या पुढच्या खेपेला आणखी कोरा, कारण ती तो पुसून ठेवायची.

शेवटी बाईंचा मला दुकानात फोन आला. मी काच कापत होते.

"तुमच्या आईंना विषय आवडला नाही का?"

"का हो?"

"त्या काही आणतच नाहीत. मी म्हटलं, घरातलं काहीही आणा. तर म्हणाल्या, घरातलं सगळं लेकीचं आहे."

मी काच खाली ठेवून दिली. त्या अवस्थेत ती सरळ कापली जाणार नव्हती.

संध्याकाळी मी आईसमोर बसले. शांतपणे बोलायचं ठरवलं होतं, आणि पहिली दोन वाक्यं बोललेही.

"आई, तू बोर्डावर काही लावत का नाहीस?"

"काय लावू?"

"काहीही लाव. अख्खं घर पडलंय."

"सगळं चांगलं आहे गं अजून."

"मग चांगलं काप."

ती हसली. लहान पोराने मोठ्यांसारखं काही बोलावं आणि आपण हसावं, तसं. मी पुढे म्हटलं, "आई, हे तुझंच घर आहे." ती म्हणाली, "हो गं, आहेच की." एखादा दुकानदार 'आपलंच दुकान आहे' म्हणतो तेव्हा आपण ज्या सुरात हो म्हणतो, त्याच सुरात. आपण काही त्याच्या गल्ल्यात हात घालत नाही.

मग मी दुकानातून पिशवीभर तुकडे आणले. चित्राभोवती जाड कागदाची चौकट घालतात ना, तिला आम्ही माउंट म्हणतो, तिच्या कापलेल्या पट्ट्या. राखाडी, मातकट, विटकरी, एकाहून एक सुंदर. दुसऱ्या दिवशी बघते तर आईने त्या आकाराप्रमाणे लावून, रबर बांधून, परत पिशवीत भरलेल्या. "मोठ्या तुझ्या उपयोगी पडतील. उगाच वाया कशाला?" मी टूथपेस्टचं रिकामं खोकं तिच्या हातात दिलं. "हे टाकायचंच आहे ना?" हो. "नक्की?" हो आई. तिने जावयालाही विचारून घेतलं. त्याने कवळ्यांच्या डब्यावरून मान हलवली तेव्हा कुठे ते खोकं तिच्या पिशवीत गेलं, आणि तिथेच राहिलं.

अखेर तिने काहीतरी लावलं. बोर्ड घरी आणला तेव्हा मी पाहिला. बसचं एक तिकीट, तिच्या गोळ्यांच्या पाकिटाची चकचकीत पट्टी आणि तिच्या रुमालाची किनार. सगळं तिचं स्वतःचं. आणि ते कुठे, तर खाली डाव्या कोपऱ्यात, चार बोटं जागेत. बाकी बोर्ड पांढराफटक. बोर्डावरसुद्धा आई कडेला सरकून बसली होती, कुणाची अडचण व्हायला नको म्हणून.

"एवढंच?" मी म्हटलं.

"आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, ठके?" ती हसत म्हणाली. ठकी हे माझं घरातलं नाव. हसत म्हणाली म्हणून मला ते जास्त लागलं.

गुरुवारी कडेलोट झाला. मी दुकान बंद करून घरी आले, तर आई अंधारात बसलेली. दिवा लावला नव्हता. "तुम्ही येईपर्यंत एकटीसाठी कशाला जाळायचा?" त्या दिवशी एका गिऱ्हाइकाने तयार फ्रेम तीनदा बदलून मागितली होती. वड्याचं तेल वांग्यावर निघालं म्हणा हवं तर, पण वांगंही काही कमी नव्हतं.

"जा तू दादाकडे," मी म्हटलं. "तिथे दार मिळेल, किल्ली मिळेल, तिथे तरी दिवा लावशील. इथे मला सारखं वाटतं की कुणा परक्या बाईला मी डांबून ठेवलंय."

आईने कप विसळला, पुसला आणि पालथा घातला. मला वाटलं होतं ती म्हणेल, नाही गं, मला इथेच राहायचंय. ते ऐकायलाच तर मी एवढी ओरडले होते. पण ओरडण्यातून ते कुणाला कळणार? ती मला हवी होती. स्वतःला घडी घालून कोपऱ्यात ठेवलेली नको होती, नीट पसरलेली, हात-पाय ताणलेली हवी होती. हे शांतपणे सांगता येतं हे मला ठाऊक आहे, मला ते जमत नाही. दुसऱ्या दिवशी दादाचा फोन आला. रविवारी गाडी घेऊन येतो, प्रदर्शन बघतो आणि आईला घेऊनच परत फिरतो, म्हणाला. मी म्हटलं, ये.

आणि शनिवारी माझा पडदा गेला.

त्या पडद्यांबद्दल सांगायला हवं. पुढच्या खोलीत मोठी खिडकी आहे, तिला तीन निळे पडदे. तो निळा मिळावा म्हणून मी नवऱ्याला इतक्या दुकानांतून फिरवलं की शेवटी शेवटी तो बाहेर पायरीवर बसून राहायचा. जरा राखाडीकडे झुकणारा, उन्हात उजळणारा, माझ्या सगळ्या फ्रेमांना शोभणारा निळा. शनिवारी मी दार उघडलं, तर समोरच्या भिंतीवर उन्हाचा एक चौकोन पडलेला. तिथे ऊन पडायचं काहीच कारण नव्हतं. मी मागे वळून पाहिलं. मधल्या पडद्याच्या मधोमध, बरोबर डोळ्यांच्या उंचीवर, तळहाताएवढं भोक. आणि फाटलेलं नाही, कापलेलं. चारही कोन काटकोन. माझ्या धंद्यात असं कापता यायला माणसाला वर्ष लागतं.

आई सोफ्यावर बसली होती. तिच्या खुर्चीत नाही, सोफ्यावर, मांडी घालून. समोरच्या टेबलावर बोर्ड, गोंदाची बाटली, खोक्यांचे तुकडे, माउंटच्या पट्ट्या रबर सुटून चहूकडे. गोंदाचा एक ओघळ टेबलावरून खाली निघाला होता. दिवसाउजेडी खोलीतला दिवा चालू होता. आणि तिच्या हातात माझं कटर. हे कटर मी घरच्या खणात ठेवते आणि नवऱ्यालासुद्धा त्याला हात लावू देत नाही.

"आलीस?" तिने वर न बघता म्हटलं. "तिकडून जा. इथे ओलं आहे."

"आई, हे काय आहे?"

"काय?"

"पडदा."

"हो. निळा हवा होता."

माझा आवाज कुठपर्यंत गेला ते समोरच्या इमारतीतल्यांना विचारा. मी म्हटलं, निळा हवा होता तर खालचा घ्यायचास. खाली कापड आत दुमडून शिवलेलं असतं, तिथला कापला असतास तर कुणाला कळलंसुद्धा नसतं.

"कापून पाहिला," आई म्हणाली. "तो गडद आहे. त्याला ऊन लागलेलं नाही. मला रोज दिसतो तो निळा हवा होता, आणि तो मधेच आहे."

"म्हणजे खालीपण कापलास?"

"थोडासाच."

मी जाऊन पाहिलं. थोडासा नव्हता. मी पडदा हातात धरून बोलत राहिले. हे पडदे मला किती आवडतात, ते कुठून आणले, आता तसं कापड मिळणार नाही, तीन पडद्यांतला मधला गेला म्हणजे तिन्ही गेले, घरात दुसरं काय निळं नव्हतं, नवऱ्याचा शर्ट होता, दोन शर्ट होते. आई तुकडा बोर्डावर ठेवून बोटाने दाबत होती. मधेच म्हणाली, "टेबलावर हात आपटू नकोस, गोंद वाळतोय."

"माणसाने विचारावं तरी," मी म्हटलं. "एका शब्दाने विचारावं. वर्षभर चमच्यापासून बादलीपर्यंत सगळं विचारतेस, आणि माझा पडदा कापताना एका शब्दाने विचारलंसुद्धा नाहीस."

हे बोलून झालं आणि माझं मलाच ऐकू आलं.

आईने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "विचारलं असतं तर तू कडेचा दिला असतास," ती म्हणाली.

दिला असता. अगदी कडेचाच दिला असता, आत दुमडलेला, कुणाला न दिसणारा. आणि वर 'घे ना आई, काहीही घे' असंही म्हणाले असते.

तेवढ्यात नवरा आला. त्याने दारातच चपला काढता काढता सांगितलं की रस्त्यावरून पडद्यातलं भोक दिसतंय, आतला दिवा दिसतोय. मग त्याने पसारा पाहिला, कटर पाहिलं, माझं तोंड पाहिलं आणि सवयीने आईच्या उठण्याची वाट बघत उभा राहिला. आई उठली नाही. "जावईबापू, आज तुम्ही तिकडे खुर्चीवर बसा," ती म्हणाली. "मला इथे जागा लागतेय." तो मुकाट्याने तिच्या त्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर जाऊन बसला.

मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उभी राहिले. मला राग आला होता आणि तो खरा होता. तो पडदा मला फार आवडत होता. आणि तरीही मला इतकं बरं वाटत होतं, इतकं आतून बरं वाटत होतं, की मला त्याचाही राग आला. आईने घर सोडायच्या आदल्या दिवशी त्याच्या भिंती पुसल्या नव्हत्या, पडदा कापला होता. पण याचा अर्थ काय घ्यायचा? जाता जाता आठवण म्हणून माणूस एखादा तुकडा कापून नेतोही. हे मनात आलं आणि बरं वाटणं तिथेच थांबलं. तिला जाऊन विचारायचा धीर मला झाला नाही.

रविवारी वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर सगळे बोर्ड दोरीला चिमट्यांनी लावले होते. ड्रायव्हरकाकांच्या खिशात त्यांनी खरं पेन खोचलं होतं. पायपुसण्यावाल्या बाईंची सूनही आली होती आणि आपलं पायपुसणं सगळ्यांना दाखवत होती. आईचा बोर्ड खिडकीजवळ होता.

कोपऱ्यातल्या त्या खुर्चीवरून आमची पुढची खोली जशी दिसते, तशी होती. भिंतभर माझ्या फ्रेमा, माउंटच्या पट्ट्यांच्या कातरून केलेल्या, एकीसारखी दुसरी नाही. एक फ्रेम किंचित तिरकी होती, आणि माझ्या लक्षात आलं की घरातलीही ती तिरकीच आहे. टूथपेस्टच्या खोक्याचा दिवा. नवऱ्याच्या कामावरच्या पांढऱ्या कोटाचा सोफा. कोट कधी कापला कोण जाणे, त्याला अजून पत्ता नव्हता. बसच्या तिकिटावर आता अर्धं टेबल चढलं होतं. आणि बोर्डाच्या मधोमध खिडकी, आणि खिडकीत माझा निळा. तो निळा अगदी बरोबर होता. कडेचा चालला नसता. मी रोज फ्रेमा करते, मला एवढं कळतं.

दादा तिथेच आला. गाडी खाली उभी करून, धापा टाकत जिना चढून. त्याने बोर्ड पाहिला, लांबून पाहिला, जवळून पाहिला, आणि "वा, आई" म्हणाला. मग लगेच मुद्द्यावर आला. त्याला मुद्द्यावाचून राहवत नाही.

"खोली झाली बरं का. रंग दिला, पलंग आणला, कालच पडदे लावले. सामान भरलंस का?"

मी समोरच्या बोर्डावरच्या पायपुसण्याकडे बघत राहिले.

"पडदे कुठल्या रंगाचे?" आईने विचारलं.

"हिरवे. नवे कोरे आहेत."

"लांबीला किती?"

दादाने हात वर करून आणि मग जमिनीकडे नेऊन दाखवलं. आईने डोळे बारीक करून त्या हाताचं माप घेतलं.

"पुरेल," ती म्हणाली. "त्यातला एक काढून पाठवून दे. पुढच्या खोलीतला मधला गेलाय."

दादाला काही समजलं नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली नाही. "अगं, पण ते तुझ्या खोलीचे आहेत," तो म्हणाला. "तुझ्यासाठी आणलेत."

"म्हणून तर तुला सांगतेय. माझा आहे ना तो? मग मला लागतोय तिथे मी लावीन." मग जरा मऊ आवाजात म्हणाली, "खोली असू दे. मी येईन की राहायला, सुट्टीत. पाहुणी म्हणून."

दादाचा चेहरा पडला. तो बराच वेळ आईच्या बोर्डासमोर उभा राहिला, हात मागे बांधून, आणि पहिल्यांदाच मला त्याची कीव आली. त्याने खरंच मनापासून रंग दिला असणार. पण कीव यायला आणि माझ्या डोक्यात हिरवा रंग शिरायला एकच गाठ पडली.

"आई, दोन निळ्या पडद्यांच्या मधे हिरवा?" मी म्हटलं. "अगं, किती भयंकर दिसेल ते. माझ्या सगळ्या फ्रेमांची वाट लागेल. रोज डोळ्यांसमोर असणार आहे."

"असू दे," आई म्हणाली आणि बोर्डाचा सुटलेला चिमटा नीट लावला. "होईल तुला सवय."